घाटावरच्यांना चढ उशिरा लागतो

बुलढाणा जिल्ह्यात गावाचे नाव सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : घाटावरचे की घाटाखालचे? मेहकर-चिखली रस्त्यावरचे हिवरा आश्रम घाटावरचे. खामगाव, नांदुरा, मलकापूर घाटाखालचे. मधली रेघ म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड, आणि ती पाणीसुद्धा वाटून देते. बुलढाण्याजवळ उगम पावणारी पैनगंगा मेहकरवरून पूर्वेला जाते आणि तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच कडेवरून खाली उतरणाऱ्या ज्ञानगंगा, नळगंगा पूर्णेला मिळतात आणि तापीतून अरबी समुद्र गाठतात.

हिवाळा लागला की या भागात गिअरच्या सायकली दिसू लागतात. डॉक्टरांनी ‘साखर वाढली, काहीतरी व्यायाम करा’ असे बजावलेले चाळिशी-पन्नाशीतले लोक त्यात बरेच असतात. सपाटीवर महिनाभर सराव झाला की घाटाची ओढ लागते. ती लागावीच, पण घाटावरच्या माणसाची एक पंचाईत आहे, तिकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. खामगावचा सायकलवाला सकाळी ताज्या पायांनी चढतो आणि परतताना उतारावरून घरी येतो. हिवऱ्याचा किंवा चिखलीचा सायकलवाला आधी मजेत उतरतो. चढ त्याच्या वाट्याला येतो तो परतीला, थकल्यावर आणि ऊन डोक्यावर आल्यावर.

आधी रस्ते पाहू. नवख्याने मेहकरवरून लोणारची वाट धरावी. मेहकरहून पुढे पंचवीसेक किलोमीटर अंतर आहे, चढउतार सौम्य आहेत आणि शेवटी उल्कापाताने झालेले सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर. झाडी आहे ती विवराच्या उतारांवर. सायकल काठावर ठेवून पायीच उतरावे लागते. मेहकरजवळून समृद्धी महामार्गही जातो, पण तिथे सायकलला परवानगी नाही आणि ते योग्यच आहे.

खरे जंगल हवे असेल तर चिखलीवरून बुलढाणा आणि तिथून बोथ्याच्या जंगलातून खामगाव. चिखली परिसरातून खामगावला जायला याहून जवळचे रस्ते आहेत, पण हा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. सुमारे 205 चौरस किलोमीटरच्या या सागवानी जंगलात अस्वले आणि बिबटे आहेत. 2019 साली टिपेश्वरहून तेराशे किलोमीटरच्या आसपास चालत आलेला वाघ इथेच येऊन थांबला होता. रस्ता वळणे घेत पठारावरून पूर्णेच्या खोऱ्यात उतरतो. उंचीतला फरक ढोबळमानाने तीनशे मीटर.

आता थोडा हिशेब. सत्तर किलोचा माणूस आणि पंधरा किलोची सायकल, एकूण पंच्याऐंशी किलो. हे ओझे तीनशे मीटर वर न्यायला सुमारे अडीच लाख ज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे साठ किलोकॅलरी. आकडा किरकोळ वाटतो. पण आपले स्नायू खाल्लेल्या अन्नातली वीस ते पंचवीस टक्केच ऊर्जा पायडलपर्यंत पोचवतात, त्यामुळे प्रत्यक्षात अडीचशे ते तीनशे किलोकॅलरी खर्च होतात. मध्यम आकाराच्या दोन ज्वारीच्या भाकरी, इतकेच. वारा आणि टायरचे घर्षण यांचा खर्च वेगळा.

म्हणजे अन्न कमी पडत नाही. अडते ते उरलेल्या तीन चतुर्थांश भागापाशी, कारण त्याची उष्णता होते आणि ती अंगातच तयार होते. घामाने ती बाहेर टाकायची तर पाऊण पेला नव्हे, लिटरचा तिसरा हिस्सा घाम त्वचेवरून वाळावा लागतो. टपटप गळून गेलेला घाम या कामाचा नाही. सपाटीवर सायकलच्या वेगामुळे वारा लागतो आणि घाम वाळतो. चढावर वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर येतो आणि वारा जवळजवळ थांबतो, नेमका उष्णता सर्वांत जास्त तयार होते तेव्हा. हवा त्वचेपेक्षा गरम झाली, म्हणजे पस्तीस अंशांच्या वर गेली, की शरीराकडे घामाशिवाय दुसरा उपाय राहत नाही. परतीचा चढ दुपारी बाराला गाठणारा माणूस म्हणूनच अडचणीत येतो. तो अशक्त असतो असे नाही. त्याची वेळ चुकलेली असते.

‘जंगल आहे, सावली असेलच’ हा भरवसाही धरू नये. साग पानगळीचे झाड आहे. फेब्रुवारी-मार्चपासून त्याची पाने झडतात आणि ऐन उन्हाळ्यात तिथे उभ्या काड्या राहतात. सावली हवी असेल तर या जंगलाचे दिवस दसऱ्यानंतर ते माघापर्यंतचे. पावसाळ्यात हिरवाई डोळ्यांत मावत नाही, पण ओल्या रिमवर ब्रेक नीट धरत नाहीत.

मग अंधारातच निघावे का? नाही. अस्वलाची नजर अधू असते, त्याचा सगळा भरवसा नाकावर. सायकल आवाज न करता येते आणि उतारावर वेगात येते. दचकलेले अस्वल पळण्याऐवजी अंगावर येऊ शकते, आणि पहाट व संध्याकाळ या त्याच्या हिंडण्याच्या वेळा आहेत. लख्ख उजाडल्यावर, दोघे-तिघे मिळून, बोलत आणि वळणावर घंटी वाजवत जावे. अभयारण्यातल्या वेळांचे नियम वनखात्याच्या चौकीवर विचारून घ्यावेत. ऊन म्हणते लवकर निघा आणि अस्वल म्हणते जरा थांबा. या दोघांच्या मध्ये हिवाळ्यातले दोन-तीन तास उरतात.

चढाचा दुसरा शत्रू घाई. तीनशे मीटर तासाभरात चढले तर केवळ उंचीसाठी सत्तर वॅट शक्ती लागते; अर्ध्या तासात चढायचे म्हटले तर एकशे चाळीस. सराव नसलेल्या पन्नाशीच्या माणसाला पहिले जमते, दुसरे बहुधा नाही. आपल्या दख्खनच्या पठाराची घडणही फसवी आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचल्याने डोंगर पायऱ्यांसारखे झाले आहेत, त्यामुळे चढ एकसारखा नसतो. खड्या टप्प्यानंतर सपाटी येते, माणूस तिथे जोर लावतो आणि पुढच्या टप्प्याला त्याची धाप आवरत नाही. सपाटी दम घ्यायला वापरावी.

गुडघ्यांचे गणित गिअरमध्ये आहे. जुन्या काळ्या सायकलचे पायडल एकदा पूर्ण फिरले की ती पाचेक मीटर पुढे जाते. गिअरच्या सायकलीवर सर्वांत हलका गिअर टाकला तर दोन मीटर. ताशी आठच्या वेगाने चढताना पहिलीवर पाय मिनिटाला पंचवीस-सत्तावीस फेरे मारतात, दुसरीवर पासष्टच्या पुढे. काम तेच, पण प्रत्येक फेऱ्यातला गुडघ्यावरचा जोर अडीचपटीने कमी. आमच्या आधीची पिढी काळ्या सायकली घेऊन घाट चढायची, असे अभिमानाने सांगितले जाते. खरे आहे, पण बरेचसे लोक खड्या चढावर उतरून सायकल हाताने ढकलत नेत. त्यात कमीपणा नव्हता आणि आजही नाही.

वेग किती असावा हे घड्याळाला विचारू नये. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांच्या नाडीचे ठोके औषधामुळे एरवीइतके वाढत नाहीत, म्हणून घड्याळातला आकडा त्यांना फसवतो. पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग ठीक. दोन शब्दांवर श्वास तुटत असेल तर थांबावे. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गरगरणे यांपैकी काहीही झाले तर त्या दिवशी सायकल टेम्पोत टाकून परत यावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर लांबच्या फेरीत एकदम उतरू शकते. त्यांनी डोसबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावे आणि साखर किंवा ग्लुकोज खिशात ठेवावे, बॅगेच्या तळाशी नको.

उतारही फुकट मिळत नाही. चढताना जमा झालेली अडीच लाख ज्यूल ऊर्जा उतरताना कुठेतरी जायलाच हवी. काही वारा खातो, उरलेली ब्रेक. सगळी ब्रेकमध्ये गेली असती तर पाऊण लिटर पाण्याला उकळी आली असती. ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापते, क्वचित ट्यूबही फुटते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक लावून वेग कमी करावा, मग सोडावेत, शरीर थोडे मागे ठेवावे.

राहिली ती उलट्या क्रमाची पंचाईत. हिवऱ्याहून खामगाव शंभर किलोमीटरच्या घरात जाते, तेव्हा एका दिवसात जाऊन येण्याचा विचारच नको. पहिला मुक्काम बुलढाण्याला करावा. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर घाट उतरून खामगाव आणि तिथून शेगाव. तिथे भक्तांची राहण्या-जेवणाची सोय आहेच. तिसऱ्या दिवशी पाठीवर कमीत कमी ओझे, दोन बाटल्या पाणी, एकीत मीठ-साखर-लिंबू, आणि चढ दहाच्या आत संपवून बुलढाणा. चौथ्या दिवशी घर. विवेकानंद जयंतीच्या सुमारास परतलात तर आश्रमात पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद असतो. तोवर दोन भाकरींचा हिशेब केव्हाच मागे पडलेला असतो आणि भूक चांगली लागलेली असते.