तोरणमाळच्या मातीतलं नेटवर्क

शहाद्याहून तोरणमाळला बाइकवर गेला असाल, तर घाटातली वळणं आणि यशवंत तलावाजवळचा सेल्फी तुमच्या मोबाइलमध्ये असणारच. पण तिथं उभं असताना आपल्या बुटाखाली काय चाललंय, याचा विचार केलाय कधी?

बुटाखाली बुरशी आहे. शिळ्या भाकरीवर येते ती नव्हे. ही झाडाच्या मुळांत शिरते आणि केसाहून बारीक धागे मातीत लांबवर पसरवते. मूळ पोहोचत नाही अशा फटींतून ती झाडाला स्फुरद आणून देते. बदल्यात झाड तिला पानांत बनलेली साखर देतं. हा व्यवहार तब्बल ४० कोटी वर्षांपासून चालू आहे! सातपुड्यातले साग, मोह, बांबू, अगदी धडगावच्या आमचुराचा आंबासुद्धा त्यात आहे. या बुरशीला छत्री येत नाही, म्हणून ती आपल्याला दिसत नाही. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी वेगळी. ती वाळवीने जमिनीत वाढवलेल्या बुरशीची.

मग ही बुरशी सगळीकडे सारखीच असते का? तर नाही. २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात जगभरातल्या ३६५ ठिकाणची माती तपासली होती. कुठे किती प्रकारची बुरशी असेल, हे सगळ्यात जास्त हवामान ठरवतं आणि त्याखालोखाल माती, असं त्यात दिसलं.

आता आपला जिल्हा बघा. तापीकाठी खोल काळी माती आणि कडक ऊन. हजार मीटरहून उंच तोरणमाळवर गारवा. मधल्या उतारांवर मुरमाड, पातळ माती. दोन तासांच्या प्रवासात ऊन, पाऊस, माती सगळं बदलतं. मग मातीतली वस्ती तरी एकसारखी कशी राहील?

ही वस्ती मोडायला मात्र वेळ लागत नाही. सतत नांगरटीने धागे तुटतात. स्फुरदाचं खत भरपूर मिळालं की झाडाला बुरशीची गरजच उरत नाही. झाडं तुटली की उतारावरची माती पावसात वाहून जाते, आणि तिच्याबरोबर बुरशीही. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या जागतिक नकाशानुसार, मुळांशी नातं जोडणाऱ्या बुरशीच्या सर्वांत समृद्ध जागांपैकी १० टक्क्यांहून कमी जागा संरक्षित क्षेत्रांत आहेत.

म्हणून एनएसएस कॅम्पमध्ये पुढच्या वेळी खड्डे खणाल, तेव्हा नुसती रोपं मोजू नका. उघड्या माळावर लावलेलं रोप एकटं पडतं. जवळच्या जंगलातल्या त्याच जातीच्या जुन्या झाडाखालची मूठभर माती, गावाला विचारून, खड्ड्यात टाका. त्या मुठीत रोपाचे जुने सोबती असतात.

झाड लावलं म्हणजे जंगल लावलं असं नाही. निम्मं जंगल मातीत असतं!