सोळाशेचा बूट आणि गडाचा बूट

महाडहून रायगडाकडे निघालं की वाटेत नाते लागतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म इथला, १४ जानेवारी १८९६ चा. गावाची ओळख करून देताना हे नाव आधी येतं. आपल्याला आज नात्याची पायाखालची जमीन पाहायची आहे. गावातून जाणारा पक्का रस्ता, भात कापून झाल्यावर मोकळी पडणारी टणक खाचरं, मातीची मैदानं, कोंझरच्या पुढे पाचाडकडे चढत जाणारा घाट आणि त्याच्याही पुढे गडाच्या सतराशेहून जास्त दगडी पायऱ्या. पळणाऱ्याला इतक्या तऱ्हेची जमीन एवढ्या जवळ क्वचितच मिळते.

पळणारेही इथे कमी नाहीत. हा मुलूख जुना फौजेचा. महाड तालुक्यातल्या आंबवडे गावाला लोक ‘फौजी आंबवडे’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातून शंभराहून जास्त माणसं लढायला गेली होती. आजही पोलीस आणि अग्निवीर भरतीची तयारी करणारी मुलं-मुली पहाटे अंधारात रस्त्याला लागतात. शिवाय शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून गड ‘मारायला’ येणारे हौशी वेगळेच. दोघंही दुकानात गेले की एकच मागणी करतात, “रनिंगचे शूज दाखवा.” दुकानदार किती रुपयांपर्यंत ते विचारतो. कुठे पळणार आणि किती जोरात, हे विचारायचं राहूनच जातं, आणि खरी निवड तर तिथेच आहे.

पळताना प्रत्येक पावलाला जमीन आपल्याला वजनाच्या दोन ते तीन पट जोराने उलट ढकलते. ६० किलोच्या मुलाच्या पायावर दर पावलाला दीडशे किलोच्या आसपास भार येतो. हळू पळताना पाऊल जमिनीवर सेकंदाचा पाव भाग किंवा थोडं जास्त टेकतं, शंभर मीटरच्या स्प्रिंटमध्ये जेमतेम दहावा भाग. हळू पळणारे बहुतेक जण टाचेवर उतरतात, स्प्रिंटवाला सगळा चवड्यावर असतो. म्हणजे संथ दहा किलोमीटरला टाचेखालचा जाड फोम कामाचा, पण शंभर मीटरला तोच फोम नुसतं ओझं.

भरतीतलं सोळाशे यांच्या मधोमध येतं. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर पळावं लागतं, त्याला २० गुण, आणि पैकीच्या पैकी हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांत संपवायचं. हा वेग ताशी साडेअठरा किलोमीटरच्या वर जातो. मिनिटाला १८० पावलं धरली तर सगळा खेळ सव्वानऊशे पावलांचा. एवढ्याशा पावलांत बुटाने काय फरक पडणार?

वजनाने पडतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २०१६ साली हे मजेशीर पद्धतीने तपासलं गेलं. संशोधकांनी धावपटूंच्या बुटांच्या जिभेत, म्हणजे नाडीखालच्या पट्टीत, शिशाचे बारीक छर्रे गुपचूप भरले. कधी १०० ग्रॅम, कधी ३०० ग्रॅम. मग त्यांना तीन हजार मीटर पळवलं. बिचाऱ्यांना पत्ता नव्हता, तरी दर १०० ग्रॅममागे वेळ सुमारे पाऊण टक्क्याने वाढला. हाच हिशेब आपल्या सोळाशेला लावला तर दोन-अडीच सेकंद होतात. पाच-दहाला कट लागणार असेल तर दोन सेकंद म्हणजे चेष्टा नाही. बाजारात साडेतीनशे ग्रॅमचा बूटही ‘रनिंग’ म्हणून मिळतो आणि सव्वादोनशेचाही. दुकानात किराणा मालाचा काटा नसेलच, पण दोन जोड्या दोन हातांत धरून पाहता येतात. सोळाशेसाठी हलका, पातळ तळाचा, पायाला घट्ट बसणारा बूट घ्यावा. मातीच्या मैदानावर स्पाइक्स पकड देतात, पण ते वापरू देतील की नाही हे त्या त्या भरतीच्या सूचना वाचूनच ठरवायचं.

पण परीक्षेचा हाच हलका बूट रोज घालून काही मुलं सरावाला निघतात, आणि दोन महिन्यांनी नडगी धरून बसतात. पातळ तळ आणि टाच कमी उंच असली की भार गुडघ्याकडून पोटरीकडे आणि टाचेमागच्या शिरेकडे सरकतो. तिथल्या स्नायूंना याची सवय हळूहळूच होते. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक काही बुटांत दहा-बारा मिलिमीटर असतो, काहींत चार किंवा शून्य. एकाकडून दुसऱ्याकडे जायचं तर आठवड्यातले थोडेच किलोमीटर आधी त्यात पळायचे.

रोजच्या संथ पळण्याला मऊ तळ बरा की कडक, यावर बरीच वर्षं नुसता वाद होता. लक्झेंबर्गच्या संशोधकांनी २०२० साली छापलेल्या अभ्यासात ८४८ धावपटूंना दिसायला अगदी सारखे, पण आतून मऊ किंवा कडक असलेले बूट दिले आणि सहा महिने दुखापती मोजल्या. कडक बुटांत दुखापतीचा धोका सुमारे दीडपट निघाला. गंमत अशी की मऊ तळाचा फायदा वजनाने हलक्या लोकांना झाला, जड लोकांना फारसा नाही. आपल्याकडे मात्र जाड माणसाला मऊ बूट आणि सडपातळ पोराला कसलाही चालेल, असं मानलं जातं. भरतीची पोरं तर काटकुळीच असतात.

लक्झेंबर्गच्या त्याच गटाच्या आधीच्या एका अभ्यासात वेगवेगळे दोन किंवा जास्त बूट आलटून पालटून वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी दिसला होता. बूट बदलला की पायावर पडणारा भारही किंचित जागा बदलतो, रोज तोच सांधा आणि तीच शीर झिजत नाही, असं त्याचं कारण सांगितलं जातं. माझं मत विचाराल तर पाच हजारांची एक जोडी घेण्यापेक्षा अडीच-अडीच हजारांच्या दोन घ्याव्यात: एक रोजची, मऊ, दुसरी हलकी, आठवड्यातून एक-दोनदा जोरात पळायला आणि ग्राउंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या, दिवशी. फोमचंही आयुष्य असतं. बहुतेक बुटांतला फोम ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा, आत हवेचे बंद बुडबुडे असलेला. हजारो वेळा दाबले जाऊन बुडबुड्यांच्या भिंती चुरगळतात, फुटतात. पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर बूट वरून चांगला दिसला तरी तळ मेलेला असतो. आठवड्याला चाळीस किलोमीटर पळणाऱ्याचे हे तीन ते पाच महिने झाले.

आता तळपायाच्या कमानीविषयी. मोठ्या शहरांतल्या दुकानांत ओला पाय कागदावर उमटवून घेतात आणि सांगतात, तुमचा पाय सपाट, तुम्हाला ‘सपोर्ट’वाला बूट लागेल, तो अर्थात महाग असतो. अमेरिकी लष्कराने हा प्रश्न आपल्या रंगरुटांवर सोडवला. भूदल, हवाई दल आणि मरीन मिळून सात हजारांच्या आसपास जणांत अर्ध्यांना कमानीप्रमाणे निवडून बूट दिले, उरलेल्यांना सरसकट एकाच प्रकारचे. प्रशिक्षण संपलं तेव्हा दोन्ही गटांतल्या दुखापती जवळपास सारख्याच होत्या. कॅनडातले संशोधक बेन्नो निग यांनी २०१५ मध्ये याहून साधी कसोटी मांडली: घालून पळताना जो बूट पायाला सुखाचा वाटतो, तोच बहुधा त्या पायाला योग्य. शास्त्र फिरून आजीच्या सल्ल्यावर आलं, असं कोणी म्हटलं तर मी भांडणार नाही.

सपाट पायाबद्दल आपल्या शेजारीच झालेला एक अभ्यास फार मोलाचा आहे. मणिपालचे राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि १९९२ साली निष्कर्ष छापले. लहानपणापासून बूट-चप्पल वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचं प्रमाण ८.६ टक्के होतं, अनवाणी वाढलेल्यांत २.८. खाचरांच्या बांधावरून अनवाणी हुंदडलेल्या पोराचा चवडा रुंद आणि बोटं पसरलेली असतात. परदेशी साच्यावर बेतलेला निमुळता बूट त्याला करंगळीपाशी चावतो, म्हणून तो एक नंबर मोठा घेतो आणि मग टाच आत सरकत राहते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने लाखभर भारतीयांचे पाय मोजून ‘भा’ नावाची देशी मापपद्धत सुचवली ती यामुळेच. आपले पाय युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा रुंद निघाले. ती मापं दुकानादुकानांत येईपर्यंत रुंद चवड्याचा बूट शोधायचा, लांबी वाढवायची नाही. बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. मोजे घालून जावं आणि दुकानासमोर चार पावलं पळून पाहायला लाजू नये.

मग अनवाणीच का पळू नये? १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकऱ्यांची मुलं अनवाणी पळताना दोराबजी टाटांनी पाहिली. पोरांचा वेग पाहून त्यांनी पुढच्याच वर्षी अँटवर्प ऑलिम्पिकला संघ पाठवायचं मनावर घेतलं. त्या संघातला बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावा आला. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० साली रोममध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकली हे सगळे सांगतात. १९६४ साली टोकियोत त्याने बूट घालून पुन्हा जिंकली, तीही तीन मिनिटं कमी वेळात, हे कमी जण सांगतात. हार्वर्डच्या डॅनिएल लिबरमन यांनी २०१० मध्ये दाखवलं की जन्मभर अनवाणी पळणारे बहुधा चवड्यावर किंवा पूर्ण तळव्यावर उतरतात आणि टाचेला बसणारा पहिला धक्का त्यांना जवळजवळ बसतच नाही. पण ‘जन्मभर’ हा शब्द तिथे महत्त्वाचा. दहावीपर्यंत अनवाणी खेळलेल्या पोराने मऊ मातीवर आठवड्यातून थोडं अनवाणी पळावं, उत्तमच. मुंबईहून आलेल्या पाहुण्याने डांबरावर ते करू नये.

गडाचा हिशेब या सगळ्याहून निराळा. रायगडाची उंची साधारण ८२० मीटर. चढताना वेग इतका कमी होतो की बुटाला फारसं काम उरत नाही, काम असतं फुप्फुसांना. कसोटी उतरताना लागते. (हिरकणीची गोष्टसुद्धा उतरण्याचीच आहे, चढण्याची नाही.) उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिने उतरताना मांड्या भरून येतात त्या याच्यामुळे. पाऊल बुटात पुढे घसरतं, अंगठा समोर आपटतो आणि नख काळं पडतं. म्हणून गडाच्या बुटात बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि वरच्या शेवटच्या भोकातून नाडी ओवून टाच जखडलेली हवी.

पकड ही रबराची आणि नक्षीची मिळून करामत. मऊ रबर दगडाच्या बारीक खडबडीत शिरतं आणि सुटताना ऊर्जा खातं, त्यातून पकड येते. रस्त्याच्या बुटाखाली टिकावं म्हणून कडक रबर लावतात, ते ओल्या पायरीवर दगा देतं. चिखलाला खोल आणि दूरदूर बसवलेल्या गुट्ट्या लागतात, चार-सहा मिलिमीटरच्या. जवळजवळ असल्या तर मधे माती भरते आणि तळ सपाट होऊन जातो. मात्र पावसाळ्यात पायऱ्यांवर जे हिरवं शेवाळ धरतं, त्याच्यापुढे कुठल्याच कंपनीच्या रबराचं चालत नाही. रबर दगडापर्यंत पोचतच नाही, मधे बुळबुळीत थर असतो. तिथे चालावं.

हल्ली मुलांच्या मोबाइलवर कार्बन प्लेटच्या बुटांची चर्चा असते. त्यांचं शास्त्र खरं आहे. त्यांतला नवा फोम दाबल्यावर सुमारे ८७ टक्के ऊर्जा परत देतो, जुन्या ईव्हीएच्या शर्यतीच्या बुटात ती ६५ च्या आसपास होती, आणि चांगल्या धावपटूंची सरासरी चार टक्के ऊर्जा वाचते. अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळाच्या जाडीवर ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. पण तो बूट उंच, मऊ आणि डुगडुगता. मातीच्या ट्रॅकवर वळण घेताना घोटा मुरगळायला आमंत्रण. किंमत तर सांगायलाच नको.

त्यापेक्षा इथल्या माणसाने घाबरावं ते दमटपणाला. महाड परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. काही बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो, आणि त्याच्या अनेक जातींत हवेतलं पाणी हळूहळू रेणूंचे जोड तोडत जातं. बूट वापरला नाही तरी हे चालू राहतं. उलट पिशवीत बांधून माळ्यावर टाकलेल्या बुटात जास्त. मग एक दिवस घातल्यावर तळाचा भुगा होतो. ईव्हीएला हा रोग नाही, पण वरचा आणि खालचा भाग जोडणारा गोंद ओलाव्याने सुटतो. चुलीवर किंवा तापल्या पत्र्यावर वाळवलं तर फोम आकसतो आणि गोंद आणखी ढिला होतो. आतली गादी काढून, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, वाऱ्याला ठेवावा. बोळे दोनदा बदलावे. जूनमध्ये ठेवून दिलेली हलकी जोडी ग्राउंडच्या आदल्या रात्री काढू नये. निदान महिनाभर आधी बाहेर काढून तळ दोन्ही हातांनी वाकवून पाहावा, कडेला भेग दिसते का ते तपासावं आणि जोरातले एक-दोन सराव त्याच बुटात करावेत.