कुवेतचा दर्जा : संदिग्ध शब्दांची किंमत

एचएसआर लेआउट (बेंगळुरू) : होसूर-सर्जापूर रस्त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव पडलेल्या या वसाहतीत मराठी कुटुंबांच्या गप्पांत आखाताचा विषय निघाला नाही, असे सहसा होत नाही. एक भाऊ इथे संगणक कंपनीत, तर दुसरा कुवेतच्या तेल क्षेत्रात, ही विभागणी आता मध्यमवर्गीय मराठी घरांना नवी राहिलेली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी कुवेतला गेले. १९८१ मधील इंदिरा गांधींच्या भेटीनंतर, म्हणजे ४३ वर्षांनी, भारतीय पंतप्रधानाची ती पहिलीच भेट होती. त्या वेळी तेथील भारतीयांची संख्या सुमारे दहा लाख सांगितली गेली. परंतु इतके भारतीय ज्या देशात पोटापाण्यासाठी राहतात, तो देश स्वतंत्र, मांडलिक की कोणाचा तरी तालुका, हा प्रश्न साम्राज्यांनी दीर्घकाळ जाणूनबुजून अनुत्तरित ठेवला होता, याची जाणीव आपल्याकडे क्वचितच आढळते. त्या अनुत्तरित प्रश्नाची बरीचशी टिपणे तर ब्रिटिशकालीन भारत सरकारच्याच दफ्तरात लिहिली गेली होती.

इराणी आखातातील ब्रिटिश रेसिडेंट बुशहर येथे राहत असे. १८७३ पर्यंत तो मुंबई सरकारच्या अखत्यारीत होता, पुढे तो थेट भारत सरकारच्या परराष्ट्र खात्याकडे गेला. कुवेतची गलबते खजूर, मोती आणि घोडे घेऊन मुंबईला येत व मलबारचे सागवान घेऊन परतत. त्या किनाऱ्यावर व्यवहार चाले तो रुपयात. कुवेतने स्वतःचा दिनार आणला तो १९६१ मध्ये. त्यामुळे कुवेतचे भवितव्य लंडनइतकेच कलकत्ता, सिमला आणि मुंबईच्याही हिशेबाचा भाग होते.

पंधरा हजारांचा करार

१८९६ मध्ये सावत्र भाऊ मुहम्मद आणि जर्राह यांना ठार करून शेख मुबारक अल-सबाह सत्तेवर आला. कुवेतच्या शेखांनी १८७१ पासून तुर्की सुलतानाची ‘काइमकाम’ ही पदवी स्वीकारली होती आणि मुबारकलाही ती १८९७ मध्ये मिळाली. म्हणजे कागदोपत्री तो उस्मानी साम्राज्याच्या बसरा प्रांतातील अधिकारी होता. प्रत्यक्षात कुवेतमध्ये ना तुर्की फौज होती, ना तुर्की करवसुली. भाऊबंदकी आणि तुर्कांचा दबाव या दोहोंतून सुटण्यासाठी मुबारकने इंग्रजांचे दार ठोठावले. आधी ते उघडले गेले नाही. परंतु रशियन आणि जर्मन रेल्वे योजनांचे शेवटचे स्थानक आखातात येण्याची शक्यता दिसू लागली, तेव्हा ब्रिटनचा विचार बदलला.

२३ जानेवारी १८९९ रोजी रेसिडेंट मीड यांनी मुबारकशी करार केला. ब्रिटनच्या संमतीवाचून दुसऱ्या सत्तेचा प्रतिनिधी ठेवणार नाही आणि कुवेतची जमीन कोणत्याही परकीय सत्तेला किंवा तिच्या प्रजाजनांना विकणार, गहाण ठेवणार अथवा भाड्याने देणार नाही, असे मुबारकने लिहून दिले. मोबदला म्हणून बुशहरच्या खजिन्यातून पंधरा हजार रुपये दिले गेले. करार गुप्त ठेवला गेला. त्यात संरक्षणाची हमी नव्हती. सोबतच्या पत्रात होते ते केवळ सदिच्छेने साह्य करण्याचे आश्वासन. ब्रिटनने मुबारकला बांधून घेतले, पण स्वतः मोकळेच राहिले.

बरोबर शंभर वर्षे आधी, १७९९ मध्ये, टिपूच्या पाडावानंतर आजचे बेंगळुरू ज्या राज्यात होते त्या म्हैसूरशी इंग्रजांनी तैनाती करार केला होता. म्हैसूरला वर्षाला सात लाख होन मोजावे लागले. साताऱ्याची कथा तर मराठी वाचकाला परिचितच आहे. १८१९ च्या तहाने छत्रपती प्रतापसिंहांना राज्य मिळाले, १८३९ मध्ये ते पदच्युत झाले आणि १८४८ मध्ये डलहौसीने राज्यच खालसा केले. रंगो बापूजींनी तहाच्या शब्दांचा आधार घेऊन लंडनमध्ये वर्षानुवर्षे दाद मागितली, ती व्यर्थ गेली. कारण साताऱ्याच्या दारात दुसरे साम्राज्य उभे नव्हते. कुवेतच्या दारात मात्र तुर्क, जर्मन आणि रशियन, तिघेही होते. साताऱ्याला नव्हती ती जागा कुवेतच्या शेखाला या स्पर्धेने मिळवून दिली.

‘जैसे थे’चे राजकारण

मुबारकने ती जागा चलाखीने वापरली. १९०० मध्ये बगदाद रेल्वेच्या स्थानकासाठी आलेल्या जर्मन शिष्टमंडळाला त्याने नकार दिला. ऑगस्ट १९०१ मध्ये तुर्की युद्धनौका कुवेतसमोर आली, तेव्हा ब्रिटिश युद्धनौकेने सैन्य उतरू दिले नाही. पण त्यानंतर काय झाले? सप्टेंबरमध्ये ब्रिटन आणि तुर्कस्तान यांनी परिस्थिती ‘जैसे थे’ ठेवण्याचे मान्य केले. ती परिस्थिती नेमकी कोणती, हे मात्र कोणीच सांगितले नाही. १९०२ मध्ये तुर्कांनी बुबियान बेटावर, उम्म कस्र आणि सफवान येथे ठाणी बसवली.

मे १९०३ मध्ये परराष्ट्रमंत्री लॉर्ड लॅन्सडाउन यांनी उमरावांच्या सभागृहात, आखातात अन्य सत्तेचा नाविक तळ झाल्यास ब्रिटन सर्व साधनांनिशी विरोध करील, असे ठणकावले. संसदीय वार्तांकन करणाऱ्यास यातील गोम चटकन कळते : विरोध तळाला होता, कुवेतच्या दर्जाविषयी त्यात शब्द नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हाइसरॉय कर्झन स्वतः आखाताच्या दौऱ्यात कुवेतला आले आणि १९०४ मध्ये तेथे ब्रिटिश पोलिटिकल एजंट नेमला गेला. १९०७ मध्ये शुवैख येथील जमीन वर्षाला साठ हजार रुपये भाड्याने घेण्यात आली.

२९ जुलै १९१३ रोजी लंडन आणि इस्तंबूल यांनी एकदाचा मसुदा ठरवला. त्यात कुवेत हा उस्मानी साम्राज्याचा ‘स्वायत्त कझा’, म्हणजे साधारण तालुका, ठरला. तुर्कांनी कारभारात ढवळाढवळ करायची नाही, १८९९ चा करार चालू राहील आणि ध्वज तुर्कीच, पण हवे तर त्यावर ‘कुवेत’ असा शब्द, अशी ती तडजोड होती. ज्याच्या दर्जाचा निर्णय झाला तो मुबारक या वाटाघाटीत पक्षकारच नव्हता. युद्ध सुरू झाल्याने कराराला अंतिम मंजुरीही मिळाली नाही. ३ नोव्हेंबर १९१४ रोजी तुर्कांशी युद्धाच्या तोंडावर ब्रिटनने पत्र दिले, की कुवेत हे ब्रिटिश संरक्षणाखालील स्वतंत्र शासन आहे. पंधरा महिन्यांपूर्वीचा ‘तालुका’ एका पत्राने ‘स्वतंत्र’ झाला.

थकबाकीची वसुली

राजनैतिक संदिग्धता पुढच्या पिढीच्या नावे कर्ज काढते. १९ जून १९६१ रोजी १८९९ चा करार संपुष्टात येऊन कुवेत पूर्ण स्वतंत्र झाला. सहाच दिवसांनी इराकचे पंतप्रधान अब्दुल करीम कासीम यांनी, कुवेत हा बसरा प्रांताचाच भाग असल्याचा दावा केला. ब्रिटिश फौजा पुन्हा धावल्या. १९६३ मध्ये इराकने कुवेतला मान्यता दिली खरी, पण २ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेन यांचे रणगाडे कुवेतमध्ये घुसले आणि महिन्याभरात कुवेत इराकचा ‘एकोणिसावा प्रांत’ म्हणून घोषित झाला. त्यामागे तेल होते, इराण युद्धाचे कर्ज होते, पण पुढे केलेला युक्तिवाद जुन्या उस्मानी दफ्तरातला होता.

त्याची झळ बसलेल्यांत सुमारे पावणेदोन लाख भारतीय होते. बचत बँकेत अडकलेली, नोकरी संपलेली आणि ज्या देशाचा परवाना हाती, तो देशच नकाशावरून पुसल्याची घोषणा झालेली. परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल बगदादला गेले आणि सद्दाम यांनी त्यांना दिलेल्या आलिंगनाचे छायाचित्र जगभर टीकेचा विषय झाले. दूतावास बसऱ्याला हलवावा लागला. भारताने विलीनीकरणाला मान्यता दिली नाही, आणि बगदादशी संबंधही तोडले नाहीत. त्या अवघडलेल्या भूमिकेमागे माणसे सुखरूप आणण्याची निकड होती. अम्मानहून सुमारे दोन महिने चाललेल्या हवाई मोहिमेत लाखाहून अधिक लोक मायदेशी परतले. अनेकांनी मुंबईच्या विमानतळावर पाय ठेवला तो एका पिशवीनिशी.

युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी सीमा आखली आणि १९९४ मध्ये इराकने ती मान्य केली. पुढे ५२ अब्ज डॉलरांहून अधिक नुकसानभरपाईचा शेवटचा हप्ताही इराकने चुकता केला. तरीही सप्टेंबर २०२३ मध्ये इराकच्या सर्वोच्च संघीय न्यायालयाने खोर अब्दुल्ला जलमार्गाविषयीच्या उभय देशांतील कराराला मंजुरी देणारा कायदा रद्दबातल ठरवला. भूमीवरची रेघ ठरली, पाण्यातला वाद पुन्हा डोके वर काढू शकला.

साम्राज्यांच्या स्पर्धेने कुवेतला जगवले, हे खरे. साताऱ्याच्या नशिबी ते आले नाही. परंतु त्याच स्पर्धेने कुवेतचा दर्जा मोघम ठेवला आणि त्या मोघमपणाचे बिल १९९० मध्ये ज्यांच्यापुढे आले त्यांचा त्या करारांशी काडीचाही संबंध नव्हता. फाइलीवर ‘तूर्त जैसे थे’ असा शेरा मारून विषय पुढे ढकलणे शासकीय सेवेतील वाचकांना अपरिचित नाही. काही वेळा तो शहाणपणाचाही असतो. मात्र ‘जैसे’ म्हणजे नेमके कसे, हे त्याच ओळीत लिहून ठेवले नाही, तर तो शेरा कधीतरी कोणाच्या तरी घरादारावर येतो. एचएसआर लेआउटमधून आखाताचे विमान पकडणाऱ्या तरुणाला या इतिहासाची आठवण असण्याचे कारण नाही. त्याच्या वतीने दिल्लीत करार लिहिणाऱ्यांना मात्र ती असायला हवी.