नव्या मंडळीचा पाळक : ‘विश्वास’ या शब्दाच्या आधारे एक विचार

मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती परिभाषेत उपासकांच्या समुदायास ‘मंडळी’ व तिच्या धर्मगुरूस ‘पाळक’ म्हणतात. ‘पाद्री’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. तो पदाचा वाचक आहे. ‘पाळक’ हा ‘पाळणे’ या मराठी धातूपासून सिद्ध झालेला असून मेंढपाळाच्या कामाची आठवण देतो. नवी मंडळी स्थापन करणाऱ्या पाळकाचे नेतृत्व कशावर उभे असते, या प्रश्नाचे सामान्य उत्तर ‘विश्वासावर’ असे दिले जाते. परंतु या उत्तराचा अर्थ तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मराठीत आपण देवावर ‘विश्वास ठेवतो’, आणि माणसावर ‘विश्वास टाकतो’. पहिल्या प्रयोगात निष्ठा मुख्य आहे. दुसऱ्यात काही तरी दुसऱ्याच्या हाती देणे, म्हणजेच जोखीम पत्करणे, अभिप्रेत आहे. ग्रीक ‘पिस्तिस’ या शब्दातही श्रद्धा आणि विश्वासूपणा असे दोन्ही अर्थ नांदतात. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात पौल व बर्णबा परतीच्या वाटेवर प्रत्येक नव्या मंडळीत वडील नेमतात आणि प्रार्थना व उपवास करून त्यांना प्रभूच्या स्वाधीन करतात. तेथील मूळ क्रियापद ठेव सोपविण्याच्या अर्थानेही वापरले जाते. ज्या प्रभूवर विश्वास ठेवला त्याच्याच भरवशावर माणसांवर विश्वास टाकणे, असा हा क्रम आहे.

उत्तर चीनमध्ये काम केलेल्या रोलंड अ‍ॅलन यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याच मुद्द्यावर बोट ठेवले. पौल अल्प काळात मंडळ्या त्यांच्या त्यांच्या हाती देऊन पुढे जात असे. आधुनिक मिशने मात्र पिढ्यानुपिढ्या देखरेख सोडीत नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. तत्पूर्वी हेन्री व्हेन व रूफस अँडरसन या दोन मिशन-चिटणिसांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्वशासन, स्वावलंबन व स्वप्रसार ही नव्या मंडळीची तीन लक्षणे सांगितली होती.

महाराष्ट्राचा या चर्चेशी प्रत्यक्ष संबंध आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ साली मुंबईत व १८३१ साली अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे सुरू झाले. १८५४-५५ मध्ये अँडरसन स्वतः हिंदुस्थानात आले आणि देशी पाळक व देशी भाषांतील शिक्षण यांवर त्यांनी भर दिला. १८५४ मध्येच हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना नगर येथे पाळकपदाची दीक्षा मिळाली. तत्त्व मान्य झाले. परंतु पाळकाचे वेतन कोणी द्यावयाचे, हा प्रश्न अवघड होता. वेतन मिशनने दिल्यास पाळक मिशनला उत्तरदायी होतो. मंडळीने द्यावयाचे तर बहुसंख्य सभासद दरिद्री. ज्याच्या हाती थैली त्याच्या हाती निर्णय, ही अडचण उपदेशाने दूर होणारी नव्हती.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनची वेतनाची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तेव्हा हाच प्रश्न त्यांनी आपल्या संसाराची जोखीम पत्करून सोडवू पाहिला. या दरबारात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. १९१९ साली त्यांचे निधन झाल्याने प्रयोगास पुरेसा अवधी मिळाला नाही. तथापि ज्यास आपण केवळ श्रद्धा म्हणतो तिची किंमत पाळकाच्या घरालाही द्यावी लागते, हे त्यातून स्पष्ट होते.

यावर एक आक्षेप संभवतो. अपरिपक्व मंडळी घाईने स्वतंत्र करणे म्हणजे तिला वाऱ्यावर सोडणे नव्हे काय? हा आक्षेप निराधार नाही. पण पौलाने मंडळ्या सोपविल्या, तशा त्यांना भेटीही दिल्या आणि पत्रेही लिहिली. करिंथकरांची त्याने कठोर कानउघाडणीही केली. त्याने संबंध तोडला नाही, ताबा सोडला. नव्या मंडळीच्या पाळकाची कसोटीही येथेच लागते. देवावरील त्याची निष्ठा प्रवचनांतून दिसते. पण त्याने उभे केलेले वडील त्याच्या मताविरुद्ध निर्णय घेतात आणि तो निर्णय मान्य करण्याची पाळी त्याच्यावर येते, तेव्हाच त्या निष्ठेची खरी पारख होते.