माप कोणाच्या हाती? : मोबाईलचा टॉवर, वस्ती आणि लहरींचे मोजमाप

वस्तीत मोबाईलचा टॉवर उभा राहिला की वस्तीचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, या किरणांनी कॅन्सर होतो, टॉवर पाडा. दुसरा म्हणतो, सरकारने परवानगी दिली आहे, म्हणजे धोका नसणारच. कार्यकर्त्याला बहुधा पहिल्या तटाबरोबर उभे राहावे लागते. माणसे भ्यालेली असतात आणि भ्यालेल्या माणसांना एकटे सोडता येत नाही. पण या दोन्ही तटांत एक साम्य आहे. कोणीच काही मोजलेले नसते. एकाचा विश्वास ऐकीव बातमीवर, दुसऱ्याचा शिक्क्यावर.

खळ्यावर धान्य कोणी राबून पिकवले यापेक्षा माप कोणाच्या हातात आहे याला महत्त्व असते, हे आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी शिकवावे लागले नाही. बलुत्याची पेंढी केवढी, हे घेणारा कधीच ठरवीत नसे. आज धान्याच्या जागी आकडे आले आहेत, एवढाच फरक. तेव्हा टॉवर चांगला की वाईट या वादात पडण्यापूर्वी तो किती लहरी सोडतो, त्या कोणाच्या घरात शिरतात, त्या कोणी मोजल्या आणि कशाने मोजल्या, हे विचारायला आपण शिकले पाहिजे. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. यातले गणित अकरावीच्या पुढचे नाही.

१. मोजायचे काय?

पहिला घोटाळा शब्दाचा आहे. वर्तमानपत्रे टॉवरच्या लहरींना 'किरणोत्सर्ग' म्हणतात. हाच शब्द अणुबाँबला आणि युरेनियमलाही वापरला जातो. त्यामुळे टॉवर म्हटला की हिरोशिमा डोळ्यांपुढे येते. वस्तुतः या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. क्ष-किरण किंवा गॅमा किरण अणूतील इलेक्ट्रॉन बाहेर फेकू शकतात. त्यासाठी सुमारे दहा इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. १८०० मेगाहर्ट्‌झच्या मोबाईल लहरीच्या एका कणाजवळ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा लाखावा हिस्सासुद्धा ऊर्जा नसते. या लहरींचा निश्चित ठाऊक असलेला परिणाम एकच : पुरेशा तीव्र असल्या तर त्या शरीराचे ऊतक तापवतात.

म्हणून मोजायची ती तीव्रता. एक चौरस मीटर जागेवर दर सेकंदाला किती ऊर्जा पडते, हे 'वॅट प्रति चौरस मीटर' या एककात सांगतात. काही उपकरणे तीच गोष्ट विद्युतक्षेत्राच्या रूपाने 'व्होल्ट प्रति मीटर'मध्ये दाखवतात. त्या आकड्याचा वर्ग करून ३७७ ने भागले की वॅट प्रति चौरस मीटर मिळतात.

२. दिव्याखाली अंधार

टॉवरच्या बुडाशी राहणाऱ्याला सर्वांत जास्त भीती वाटते. ती समजण्यासारखी आहे, पण लहरींचा हिशेब वेगळा आहे. अँटेना म्हणजे चोहीकडे उजेड पाडणारा कंदील नव्हे. ती बॅटरीसारखी एका दिशेला झोत टाकते. उभ्या दिशेने हा झोत बहुधा सहा-सात अंशच रुंद असतो आणि किंचित खाली झुकवलेला असतो. तीस मीटर उंचीवरची अँटेना सहा अंश खाली झुकली असेल, तर झोताचा मध्य जमिनीला टेकतो तो सुमारे २८५ मीटरवर. टॉवरच्या पायथ्याशी झोताबाहेरची थोडी सांडलवंड तेवढी पोचते.

आता अंतराचे गणित पाहू. समजा, अँटेनाला २० वॅट शक्ती दिली आहे आणि ती झोताच्या दिशेने ५० पट एकवटली जाते. म्हणजे त्या दिशेला जणू १००० वॅटचा स्रोत झाला. या आकड्याला ४, पाय (३.१४) आणि अंतराचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागायचे. झोताच्या ऐन समोर दहा मीटरवर तीव्रता ०.८ वॅट प्रति चौरस मीटर येते. वीस मीटरवर ०.२, पन्नास मीटरवर ०.०३. अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाई होते.

यावरून धोक्याची जागा कळते. अँटेनाच्या उंचीला, तिच्या समोर, वीस-तीस मीटरच्या आत जी खिडकी आहे, ती पहिल्यांदा मोजली पाहिजे. आपल्या वस्त्यांत ही बाब विशेष महत्त्वाची. टॉवर उभा राहिला तेव्हा समोर पत्र्याची बैठी घरे असतात. पाच-सात वर्षांत कुटुंब वाढते, कोणी पोटमाळा काढतो, कोणी वर खोली चढवतो आणि ती खोली झोतात येते. कागदावर मात्र जुना नकाशाच राहतो.

३. मर्यादा कोणी ठरवली?

अ-आयनीकारक प्रारणापासून संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग आहे. त्याने १९९८ साली मर्यादा सुचवल्या. शरीराच्या दर किलोला चार वॅट ऊर्जा शोषली गेली तर तापण्याचे अनिष्ट परिणाम दिसू लागतात, हा आधार धरून कामगारांसाठी त्याचा दहावा आणि सर्वसामान्य जनतेसाठी पन्नासावा हिस्सा ठेवला. जनतेसाठी ९०० मेगाहर्ट्‌झला ४.५ आणि १८०० ला ९ वॅट प्रति चौरस मीटर, असा तो हिशेब आहे. भारताने २००८ साली या मर्यादा स्वीकारल्या आणि १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी त्यांचाही दहावा हिस्सा लागू केला : ९०० ला ०.४५, १८०० ला ०.९ आणि २००० मेगाहर्ट्‌झच्या वर १ वॅट. वरच्या उदाहरणातील दहा मीटरवरची ०.८ ही तीव्रता ९०० मेगाहर्ट्‌झला या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट भरते. वीस मीटरवर मात्र ती निम्म्याच्या आत येते. त्याच वेळी सरकारने झोतासमोरील, अँटेनाच्या उंचीच्या इमारतींसाठी अंतरेही सांगितली : एक अँटेना असेल तर २० मीटर, दोन असतील तर ३५, चार तर ४५, सहा तर ५५. मर्यादा ही सरकारी निर्णयाची गोष्ट आहे आणि सरकार ती बदलू शकते. म्हणून कोणताही अहवाल हाती आला की मोजणीच्या दिवशी कोणती मर्यादा लागू होती, हे आधी पाहावे.

मर्यादेच्या आत असले म्हणजे दीर्घकाळात काहीच होत नाही का? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या वर्गात घातले. तो निर्णय मुख्यतः फोन कानाशी धरून पुष्कळ बोलणाऱ्यांच्या अभ्यासांवर आधारलेला होता आणि पुरावा मर्यादित आहे, हे संस्थेनेच म्हटले होते. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या पाहणीत मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. मार्च २०१७ मध्ये ग्वाल्हेर येथे घरकाम करणाऱ्या एका माणसाच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने तेथील एक टॉवर बंद करायला लावला. गरीब माणूसही दाद मागू शकतो, हे त्यावरून दिसते. टॉवरने कॅन्सर होतो हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. आणखी एक गोष्ट लोकांना सांगितली पाहिजे. सिग्नल कमजोर असला की हातातला फोन आपली शक्ती वाढवतो, आणि तो तर कानालाच लागलेला असतो. टॉवर फार दूर गेला तर डोक्याला मिळणारी मात्रा उलट वाढू शकते.

४. मोजणीतल्या खोड्या

एका वस्तीतील तरुण वर्गणी काढून एक स्वस्त मीटर घेऊन आले. गच्चीवर आकडा आला दीड लाख. गल्लीत हाहाकार उडाला. एकक पाहिले तर ते होते मायक्रोवॅट प्रति चौरस मीटर. दीड लाख मायक्रोवॅट म्हणजे ०.१५ वॅट. हीच तीव्रता १५० मिलिवॅट प्रति चौरस मीटर, १५ मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर किंवा ७.५ व्होल्ट प्रति मीटर अशीही लिहिता येते. घाबरवणारा मोठा आकडा निवडतो आणि झोपवणारा लहान. एककाशिवाय आलेला आकडा स्वीकारू नये. पण तो मीटर निरुपयोगी होता असेही नाही. ०.४५ च्या मर्यादेशी ताडला तर तो आकडा एक तृतीयांश येत होता. म्हणजे नीट मोजणी मागण्याइतके कारण त्यात होते.

स्वस्त मीटर बहुधा एकाच दिशेचे क्षेत्र नीट पकडतो. फिरवला की आकडा बदलतो. खिशातला फोन चालू असेल तर तो टॉवरऐवजी खिसाच मोजतो. योग्य मोजणीसाठी तिन्ही दिशांचे क्षेत्र पकडणारा, प्रमाणित केलेला मीटर लागतो, आणि वाचन सहा मिनिटांच्या सरासरीने घ्यायचे, हा १९९८ च्या मर्यादांचा नियम. प्रमाणीकरणाच्या दाखल्यावर तारीख असते. ती मागून पाहावी.

दुसरी खोडी बेरजेची. एका टॉवरवर तीन कंपन्या असतील, तर प्रत्येकीचा दाखला वेगळा आणि प्रत्येक मर्यादेच्या आत. शरीर मात्र एकच आहे. समजा, ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी मर्यादेच्या ४० टक्के, १८०० च्या ३० टक्के आणि २३०० च्या ४० टक्के आहेत. तिघीही निर्दोष, पण बेरीज ११० टक्के. नियम असा की ही बेरीज शंभराच्या आत हवी. साध्या मीटरला कोणती लहर कोणाची हे कळत नाही; शंका आली तर लहरी वेगवेगळ्या करून दाखवणारे उपकरण आणावे लागते.

तिसरी खोडी वेळेची. टॉवरची शक्ती बोलणाऱ्यांच्या संख्येनुसार कमी-जास्त होते. ऑक्टोबर २०२२ पासून आलेल्या पाचव्या पिढीच्या अँटेना तर झोत वापरणाऱ्याच्या दिशेने वळवतात. वापर नसेल तेव्हा तेथे फारसे काही सापडणार नाही. सकाळी अकराला, माणसे कामावर गेलेली असताना, घेतलेले वाचन रात्री नऊच्या वस्तीचे सत्य सांगत नाही. मोजणी गर्दीच्या वेळी व्हावी, ही मागणी शास्त्रीय आहे.

५. मोजतो कोण?

कंपनी आपल्या टॉवरचे स्वयंप्रमाणपत्र देते. ते पुष्कळदा गणिताने काढलेले असते. समोरची नवी खोली त्या गणितात नसेल तर उत्तरही जुनेच येते. दूरसंचार खात्याची क्षेत्रीय कार्यालये दरवर्षी फार तर दहा टक्के टॉवर तपासतात, असे धोरण ठरले. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने 'तरंग संचार' ही सेवा सुरू केली. आपल्या भागातील टॉवर नियमांत बसतो की नाही, हे तेथे फुकट पाहण्याची सोय झाली. पण घराजवळ प्रत्यक्ष मोजणी हवी असेल तर शुल्क ठेवले गेले चार हजार रुपये.

इथे प्रश्न भौतिकशास्त्रातून समाजशास्त्रात येतो. मुंबईत २०१० नंतर टॉवरविरुद्धची तक्रार गाजली ती दक्षिण मुंबईतल्या उंच इमारतींतून. त्यांच्याजवळ वकील होते, उपकरणे होती, वृत्तपत्रांत ओळखी होत्या. त्यांची भीती खोटी होती असे मी म्हणत नाही. तिची दखल घेतली गेली, एवढेच सांगतो. चार घरी भांडी घासणाऱ्या बाईने चार हजार भरून मोजणी मागवावी, ही अपेक्षा म्हणजे मापाला कुलूप घालून किल्ली दूर ठेवणे होय. टॉवरचे भाडे गच्चीच्या मालकाला मिळते, सेवेचे पैसे कंपनीला. मोजणीचा खर्च मात्र समोरच्या खिडकीने करायचा! हा खर्च कंपन्यांकडून वसूल करून दाट वस्त्यांत मागणीशिवाय मोजणी व्हावी, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे. तोवर माहितीच्या अधिकाराचा, २००५ च्या कायद्याचा, मार्ग आहे. केंद्राच्या खात्याकडे अर्जाचे शुल्क दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. स्वयंप्रमाणपत्र, शेवटच्या तपासणीचा अहवाल, अँटेनांची संख्या, उंची आणि दिशा, एवढे मागावे.

६. सर्वांत जवळचा माणूस

या वादात एक माणूस नेहमी विसरला जातो. गच्चीवरची पाण्याची टाकी धुणारा, भिंतीला रंग देणारा, टॉवरवर चढून नटबोल्ट आवळणारा कंत्राटी मजूर अँटेनापासून हातभर अंतरावर असतो. आपल्या उदाहरणातील अँटेनासमोर एक मीटरवर सूत्राने सुमारे ८० वॅट प्रति चौरस मीटर येतात. इतक्या जवळ सूत्र काटेकोर लागू पडत नाही, पण अंदाज येतो. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय मर्यादेत कामगारासाठी ९०० मेगाहर्ट्‌झला २२.५ वॅट आहेत. म्हणजे ज्या ठिकाणी मर्यादा खरोखर ओलांडली जाण्याचा संभव सर्वांत जास्त, तेथे आपलीच माणसे रोजंदारीवर उभी असतात, आणि तेथे मीटर घेऊन कोणी जात नाही. काम चालू असेपर्यंत अँटेना बंद ठेवणे, गच्चीच्या दाराला कुलूप आणि त्यावर मराठीत सूचना, अंतराची रेघ फरशीवर रंगवणे, या गोष्टींना फारसा खर्च नाही. कॅन्सरच्या अफवेवर मोर्चा निघतो. या मजुराच्या प्रश्नावर अजून निघालेला नाही.

टॉवरविषयीच्या तक्रारीत इतरही दुःखे मिसळलेली असतात : डिझेल जनित्राचा धूर, रात्रभराची घरघर, कच्च्या स्लॅबवर पडलेला भार. ही दुःखे खरी आहेत आणि त्यांचे कायदे वेगळे आहेत. 'किरणांच्या' एकाच गाठोड्यात ती बांधली की अधिकारी लहरींचा दाखला पुढे करून सगळेच गाठोडे परत करतो. प्रत्येक तक्रार वेगळी लिहावी.

ज्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा आहे, तिने एक प्रमाणित मीटर घ्यावा आणि विद्यार्थ्यांनी वस्तीचा नकाशा करावा : कोणती खिडकी, किती उंची, किती वाजता, कोणते एकक, किती आकडा. आकडे मर्यादेच्या खूप आत आले, आणि बहुतेक ठिकाणी ते तसेच येतील, तर वस्तीला तसे स्पष्ट सांगावे. लोकांची झोप परत देणे हेही कार्यकर्त्याचेच काम आहे. जेथे आकडा वर जाईल तेथे तो कागद घेऊन कार्यालयात जावे. त्या दिवशी साहेबाच्या टेबलावर दोन कागद असतील आणि त्यातला एक आपण मोजलेला असेल.