टाचेमागची शीर आणि खेळाडूचा दुसरा डाव

चारकोपच्या सेक्टरांमधील मैदानावर संध्याकाळी कबड्डीचा सराव पाहत उभे राहा. चढाईला गेलेला मुलगा मध्यरेषेकडे झेप घेतो आणि कोपऱ्यावरचा गडी त्याच्या पायावर झडप घालतो. त्या क्षणी दोघांचाही भार चवड्यांवर येतो. हा भार पेलते ती टाचेमागची जाड शीर. खरे तर ही रक्ताची शीर नव्हे. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाशी बांधणारी ती दोरी आहे. डॉक्टर तिला अकिलिस टेंडन म्हणतात.

अमेरिकन फुटबॉलमध्ये आपल्या कोपरारक्षकासारखे, समोरच्याला अडवून पाडण्याचे काम ‘लाइनबॅकर’ करतो. डेमेको रायन्स हा असाच एक गडी. २००२ ते २००५ तो अलाबामा विद्यापीठाकडून खेळला. २००६ मध्ये ह्यूस्टनच्या व्यावसायिक संघात आला आणि त्याच वर्षी बचावातील सर्वोत्तम नवोदित ठरला. २०१० मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याच्या एका पायाची ही दोरी तुटली. उपचार घेऊन तो पुन्हा मैदानात उतरला. २०१४ मध्ये दुसऱ्या पायाची तुटली. २०१५ चा हंगाम त्याचा शेवटचा ठरला.

पण खेळाची जाण शाबूत होती. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात त्याने प्रशिक्षणाच्या खालच्या पायरीपासून सुरुवात केली. २०२१ मध्ये तो बचावफळीचा मुख्य मार्गदर्शक झाला आणि २०२३ मध्ये ह्यूस्टनचाच मुख्य प्रशिक्षक. आदल्या हंगामात अवघे तीन सामने जिंकलेल्या संघाने त्या हंगामात दहा जिंकले.

प्रशिक्षकाचे मोल आपल्यालाही नवे नाही. नाशिकच्या शैलजा जैन यांनी इराणच्या महिला कबड्डी संघाच्या सरावात योगासने आणि प्राणायाम आणले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्या संघाने अंतिम सामन्यात भारतालाच २७-२४ असे हरवले. शरीर सांभाळणे हा सरावाचाच भाग आहे, हे यातून घेण्यासारखे.

आता आपल्या मुलांकडे वळू. धावताना मागून कोणी लाथ मारली असे वाटते, वळून पाहावे तर कोणीच नसते, कधी ‘फट्’ असा आवाज येतो आणि त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नाही. ही दोरी तुटल्याची लक्षणे आहेत. दुखणे थोड्या वेळाने कमी होते, थोडे चालताही येते. म्हणून ‘मुरगळला असेल’ असे समजून घरी तेल चोळले जाते. इथेच आठवडे वाया जातात. चोळू नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा, पायावर भार देऊ नका आणि त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. पालथे झोपवून पोटरी दाबली असता पाऊल हलते की नाही, यावरून डॉक्टरांना बरेचसे कळते. उपचार प्लॅस्टरने किंवा शस्त्रक्रियेने होतो. मैदानात परतायला मात्र सहा महिने ते वर्ष लागते.

सरावापूर्वी दहा मिनिटे अंग गरम करा. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा सावकाश वर-खाली करण्याचा व्यायाम करा. टाचेमागे सकाळी आखडल्यासारखे होत असेल, तर सराव कमी करा.

प्रशिक्षकांना एक विनंती आहे. रविवारच्या सामन्यासाठी लंगडणाऱ्या मुलाला उतरवू नका. एक सामना गेला तर पुढचा येतो. त्या मुलाला अजून बरीच वर्षे खेळायचे आहे, आणि पुढे कदाचित तुमच्याच जागी उभे राहून शिकवायचेही आहे.