लेखा, गणना की रूप? विनयपिटकातील एक व्यवसायनिवड

शिक्षणाचा एक टप्पा संपून उपजीविकेचा मार्ग निवडण्याची वेळ आली की अनेक तरुण-तरुणींचे मन द्विधा होते. ही द्विधा अवस्था केवळ आधुनिक काळाची आहे, पूर्वी मुलगा बापाचाच धंदा करीत असल्यामुळे निवडीचा प्रश्नच उद्भवत नव्हता, असा एक समज आढळतो. पालि वाङ्मयाच्या अभ्यासकास हा समज जसाच्या तसा मान्य करता येत नाही. विनयपिटकातील महावग्गाच्या पहिल्याच खन्धकात राजगृहातील एका मातापित्यांची हकीकत आली आहे. आपल्या मुलाने कोणता व्यवसाय शिकावा, या विवंचनेत ते दोघे पडले आहेत. ही हकीकत सामान्यतः उपसंपदेच्या वयोमर्यादेचे निमित्त म्हणून वाचली जाते व तिथेच सोडून दिली जाते. व्यवसायनिवडीच्या दृष्टीने तिचा विचार केल्यास तीतून काय हाती लागते, हे प्रस्तुत लेखात पाहण्याचा आमचा हेतू आहे.

राजगृहातील सतरा मुले

राजगृहात परस्परांचे मित्र असलेली सतरा मुले होती. उपाली नावाचा मुलगा त्यांचा म्होरक्या होता. (कपिलवस्तूचे शाक्यांचे नापित, पुढे विनयधरांत अग्रगण्य ठरलेले उपाली थेर ते हे नव्हेत.) आपल्या पश्चात उपालीने सुखाने जगावे, त्याला शिणावे लागू नये, असे काय करता येईल, असा विचार त्याचे आईवडील करू लागले. प्रथम त्यांना लेखा, म्हणजे लेखनविद्या, सुचली. पण लिहून लिहून त्याची बोटे दुखतील. मग गणना सुचली. पण हिशेब करता करता त्याची छाती दुखेल. शेवटी रूप, म्हणजे नाण्यांची पारख, सुचली. पण त्यात डोळे दुखतील. अट्ठकथेने यातील दोन गोष्टींचा खुलासा केला आहे. गणना शिकणाऱ्यास फार विचार करावा लागतो, म्हणून छाती दुखते. रूप शिकणाऱ्यास कहापण पुन्हा पुन्हा उलटून-पालटून पाहावे लागतात, म्हणून डोळे दुखतात.

तिन्ही मार्ग असे बाद झाल्यावर त्यांच्या दृष्टीस शाक्यपुत्रीय श्रमण पडले. हे लोक चांगले जेवतात, वारा न लागणाऱ्या जागी निजतात. तेव्हा उपालीने श्रमणच व्हावे, हे उत्तम, असे त्यांनी ठरविले. हे बोलणे उपालीच्या कानी पडले. त्याने मित्रांना गाठले, आणि प्रत्येकाने घरी जाऊन परवानगी मागितली. सर्वच मुलांची इच्छा एक आहे आणि हेतूही चांगला आहे, एवढे पाहून सतराही घरांनी होकार दिला.

मुलांना प्रव्रज्या व उपसंपदा मिळाली. पुढे पहाटेच्या प्रहरी ती उठली आणि पेज द्या, भात द्या, खायला द्या, असा आक्रोश करू लागली. उजाडेपर्यंत थांबा, असे भिक्खूंनी सांगूनही ती ऐकेनात. अंथरुणेही त्यांनी घाण केली. तो गलबला भगवंतांच्या कानी गेला. चौकशी होऊन नियम झाला, की वीस वर्षांखालील व्यक्तीस उपसंपदा देऊ नये. कारणही तिथेच सांगितले आहे. त्या वयात थंडी, उष्णता, भूक, तहान, डास, ऊन-वारा, कठोर बोलणी व शारीरिक वेदना सहन करण्याचे सामर्थ्य आलेले नसते.

प्रत्येक सिप्पाचे दुखणे

या आईवडिलांना मूर्ख ठरविणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे होणार नाही. त्यांची मुलाविषयीची कळकळ खरी आहे आणि त्यांचे निरीक्षणही अचूक आहे. प्रत्येक सिप्पाचे, म्हणजे कसबाचे, स्वतःचे एक दुखणे असते, हे त्यांनी नेमके ओळखले. चूक झाली ती पुढील पायरीवर. ज्या तीन व्यवसायांची त्यांना जवळून माहिती होती, त्यांची दुखणी त्यांना दिसली. चौथ्या मार्गाचे त्यांना फक्त बाह्यरूप दिसले, म्हणून तो दुखण्यावाचूनचा वाटला. वस्तुतः जो मार्ग निर्वेदन भासतो, तो बहुधा आपल्याला अपरिचित असतो, इतकेच.

दुसरी गोष्ट अशी, की लेखनाने बोटे दुखतील हे त्यांनी पाहिले, पण उपालीला लेखनाची गोडी आहे काय, हे त्यांनी विचारले नाही. संपूर्ण हकीकतीत मुलाचा कल विचारलेला आढळत नाही. उरलेल्या सोळा मुलांचा निर्णय तर उपालीकडे पाहून झाला, आणि त्यांच्या पालकांचा निर्णय इतर पालकांकडे पाहून. बारावीचा निकाल लागल्यावर मित्राने घेतली म्हणून तीच शाखा घेणारा विद्यार्थी आणि शेजाऱ्याने पाठविले म्हणून आपल्या मुलालाही त्याच परीक्षेच्या वर्गाला पाठविणारा पालक आजही आपल्या परिचयाचे आहेत. सतरा जणांची इच्छा एक असणे हे ती इच्छा योग्य असल्याचे प्रमाण नव्हे.

वयोमर्यादेच्या नियमाचा व्यवसायापुरता अर्थ आम्ही असा घेतो. कोणत्या मार्गात वेदना नाही, हा प्रश्न चुकीचा आहे. कोणत्या मार्गाची वेदना सोसण्याचे सामर्थ्य आपल्यात आहे किंवा येऊ शकेल, हा योग्य प्रश्न होय.

कोणते सिप्प श्रेष्ठ?

निवड करणाऱ्यास अडविणारा आणखी एक प्रश्न श्रेष्ठत्वाचा असतो. उदानातील एका सुत्तात जेतवनातील भिक्खू याच विषयावर बोलत बसलेले दिसतात. कोणी हत्तीविद्येला श्रेष्ठ म्हणतो, कोणी अश्वविद्येला, कोणी धनुर्विद्येला, गणनेला, लेखनाला वा काव्याला. बोलणे अपुरेच राहते. भगवंत त्या वादाचा निवाडा करीत नाहीत. प्रव्रजितांना ही चर्चा शोभत नाही, असे सांगून ते ती थांबवितात.

विनयातील पाचित्तिय प्रकरण याहून पुढे जाते. एखाद्यास त्याच्या जातीवरून, कामावरून वा सिप्पावरून हिणविणे हा तिथे दोष मानला आहे. त्या संदर्भात बुरूड, कुंभार, विणकर, चर्मकार व न्हावी यांची कसबे हीन समजली जात, तर मुद्रा, गणना व लेखा उच्च समजल्या जात, अशी तत्कालीन समजूत नोंदविली आहे. तिलाच जोडून त्या त्या जनपदात जे तुच्छ लेखले जाते ते हीन व जे मानले जाते ते उच्च, अशी पुस्तीही दिली आहे. म्हणजे व्यवसायाची प्रतिष्ठा ही प्रदेशागणिक बदलणारी लोकदृष्टी आहे, हे विनयकारांना ठाऊक होते. अशा अस्थिर मापाने आयुष्याची मोजणी करणे कितपत शहाणपणाचे, याचा निवड करणाऱ्याने विचार करावा.

विचिकिच्छा आणि वाटसरू

पाच नीवरणांत विचिकिच्छेची गणना होते. शास्त्रीय अर्थाने ती मुख्यतः शास्ता, धम्म आणि कुशल-अकुशल यांविषयीची शंका होय. व्यवसायाविषयीच्या प्रत्येक अनिश्चिततेस हे नाव देणे बरोबर नाही. माहिती अपुरी असताना निर्णय न घेणे हा विवेकच आहे. परंतु माहिती मिळविण्याचे सोडून मन त्याच त्या भीतीभोवती फिरू लागले, म्हणजे त्याची लक्षणे विचिकिच्छेशी जुळू लागतात. सामञ्ञफलसुत्तात ओसाड वाटेने धन घेऊन निघालेल्या माणसाचा दृष्टान्त आहे. त्याचा विस्तार करताना अट्ठकथा सांगते, की हा वाटसरू काटकी मोडल्याचा किंवा पाखराचा आवाज ऐकूनही चोर आले असे समजतो. तो थोडा चालतो, थांबतो, मागे फिरतो. हाती धन असूनही वाट सरत नाही. अनेक वर्षे या परीक्षेकडून त्या परीक्षेकडे, या अभ्यासक्रमाकडून त्या अभ्यासक्रमाकडे ये-जा करणाऱ्या तरुणाची दशा यापेक्षा वेगळी नसते. त्याच्याजवळ बुद्धीचे धन नसते असे नाही.

विचिकिच्छेचे खाद्य अयोनिसो मनसिकार, म्हणजे मुळाशी न जाता केलेला विचार, असे संयुत्तनिकायात म्हटले आहे. तिचा उपाय म्हणून केवळ धीर देणे पुरत नाही. प्रश्न मुळापासून नव्याने मांडावा लागतो.

जीवकाचा मार्ग

उपालीच्या हकीकतीशेजारी महावग्गातीलच जीवकाचे चरित्र ठेवून वाचावे. जन्मताच टाकून दिलेल्या या मुलास राजपुत्र अभयाने वाढविले. कळत्या वयात जीवकाने विचार केला, की राजकुळात सिप्पावाचून निभाव लागणे कठीण. आपण वैद्यक शिकावे. अभयाला न विचारताच तो तक्षशिलेस गेला. सात वर्षे शिकूनही या विद्येचा अंत दिसेना, तेव्हा त्याने आचार्यांना विचारले. तक्षशिलेभोवती एक योजनाच्या परिसरात औषधी नसलेले जे आढळेल ते घेऊन ये, असे आचार्य म्हणाले. तसे काहीच आढळले नाही, हे त्याने परत येऊन सांगितले, आणि आचार्यांनी त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचे मानले. वाटखर्चाला मात्र थोडेच दिले. साकेतात ते संपले, आणि गरजेपोटीच जीवकाने पहिला रोगी शोधला. एका श्रेष्ठीच्या पत्नीचे सात वर्षांचे शिरोदुखणे बरे करून त्याला सोळा हजार कहापण मिळाले.

यातील तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. निवड त्याची स्वतःची होती. ती करण्याचे कारण उदात्त नव्हते, साधी उपजीविकेची गरज होती. आणि सात वर्षांनंतरही त्याला आपल्या तयारीची खात्री नव्हती. खात्री झाल्यावर काम सुरू करावे, असा क्रम तिथे दिसत नाही. काम करता करता खात्री येत गेली.

निवडीचा अधिकार

निवडीचा त्रास होतो, याचा अर्थ निवडीचा अधिकार आहे. तो सर्वांना कधीच सहज मिळालेला नाही. मज्झिमनिकायातील एसुकारी ब्राह्मण चारही वर्णांचे धन ठरवून देऊ पाहतो. ब्राह्मणाला भिक्षा, क्षत्रियाला धनुष्य व भाता, वैश्याला शेती व गोरक्षण, शूद्राला विळा व कावड. भगवंत त्याला विचारतात, की ही वाटणी करण्याचा अधिकार साऱ्या लोकाने ब्राह्मणांना दिला आहे काय? एखाद्या दरिद्री माणसाच्या गळ्यात त्याची इच्छा नसताना मांसाचा तुकडा मारावा आणि वर त्याची किंमत मागावी, तशी ही वाटणी असल्याचे ते दाखवितात.

महाराष्ट्रात ही वाटणी बलुत्याच्या व वतनाच्या रूपाने विसाव्या शतकापर्यंत टिकली. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात त्यांनी दाखविले, की जातिव्यवस्थेतील व्यवसाय माणसाच्या पात्रतेवर नव्हे, तर आईबापांच्या सामाजिक दर्जावर ठरतो, आणि व्यवसाय बदलण्यास वाव न ठेवल्याने ती बेकारीचेही कारण होते. ज्या घरात आजोबांना निवड नव्हती, त्या घरातील नातवाला निवडताना अधिक भय वाटते. आपली चूक सर्व घराला भोवेल, असे त्याला वाटते. हे भय खोटे नाही. पण व्यवसाय बदलता येणे हाही त्या मिळविलेल्या अधिकाराचाच भाग आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांनी त्याला सांगावयास हवे.

परीक्षणाच्या तीन वेळा

आता प्रत्यक्ष काय करावे? प्रथम सीमा आखून घ्यावी. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे अंगुत्तरनिकायात सांगितले आहे. एवढे वगळले तरी क्षेत्र विशाल उरते. कोलिय दीघजाणूला उपदेश करताना भगवंतांनी शेती, व्यापार, गोरक्षण, धनुर्विद्या, राजसेवा व इतर कोणतेही सिप्प एका ओळीत ठेवले. त्यांत उतरंड लावली नाही. कोणतेही काम असो, त्यात कौशल्य, अनालस्य व उपाय शोधणारी चौकस बुद्धी असावी, यालाच त्यांनी उट्ठानसम्पदा म्हटले. तिच्या जोडीला मिळविलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रता व आयव्ययाचा तोल या तीन गोष्टी सांगितल्या. कल्याणमित्र वृद्धच असावा असे नाही, शीलाने परिपक्व असा तरुणही चालतो, हे तिथे स्पष्ट आहे. जो मार्ग मनात आहे, तो प्रत्यक्ष चालणाऱ्या अशा दोघा-तिघांना भेटावे, आणि मिळकतीबरोबरच त्यांचे काय दुखते तेही विचारावे. उपालीच्या आईवडिलांनी एका श्रमणाला एवढे विचारले असते, तर पहाटेचा आक्रोश टळला असता.

पुढची रीत राहुलाला दिलेल्या उपदेशात आहे. आरसा पाहण्यासाठी असतो, तसे कर्म पुन्हा पुन्हा तपासून करावे. करण्यापूर्वी तपासावे, करीत असताना तपासावे, केल्यावर तपासावे. आपल्याला वा इतरांना पीडा होते काय, हा तिन्ही वेळचा प्रश्न. मूळ उपदेश शीलासंबंधी आहे, तरी व्यवसायासही तो लागू पडतो. निवडीने गांगरलेला माणूस सारे परीक्षण पहिल्याच वेळी उरकू पाहतो, म्हणून त्याचे पाऊल उचलत नाही. प्रत्यक्षात काही गोष्टी काम करीत असतानाच कळतात. लेखनाने आपली बोटे किती दुखतात हे महिनाभर लिहिल्याशिवाय समजत नाही. म्हणून शक्य असेल तिथे सुट्टीत, उमेदवारीत किंवा अर्धवेळ कामात प्रथम अनुभव घ्यावा, आणि त्यानंतर पुन्हा तपासावे. ज्याला घरच्या परिस्थितीमुळे तातडीने कमावणे भाग आहे, त्याने मिळेल ते निर्दोष काम धरावे. त्यात कमीपणा नाही. जीवकाचा आरंभही संपलेल्या शिदोरीतूनच झाला.

सतरा मुलांची चूक श्रमणमार्ग निवडण्यात नव्हती. न तपासता, न सोसण्याच्या वयात, दुसऱ्याकडे पाहून तो निवडण्यात होती. नियमाने मार्ग बंद केला नाही, वेळ मागितली. संभ्रमात असलेल्या तरुणाने स्वतःलाही तेवढी वेळ द्यावी. मात्र ती वाटेत थबकून घालवू नये. चालत राहून वाट तपासण्यासाठी ती वापरावी.